अंगणात उघडलेली गाडी

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ ची नोंद गिनीज बुकात झाली. लोणी ते माना या टप्प्यात ३ जूनच्या सकाळी डांबर पडायला लागलं आणि ७ जूनच्या संध्याकाळी एका लेनचा सलग ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत पुरा झाला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे वऱ्हाडातल्या मोटरसायकलवाल्याचा हमरस्ता आजही हाच. त्याच्यावर शंभर सीसीची गाडी दोन माणसं आणि पिशव्या घेऊन काही न लावता सुखाने पळते.

पण मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेही हमरस्ता सोडा. दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरा, खारपाणपट्ट्यातल्या वावरांकडे जाणाऱ्या पांदणीत शिरा. किंवा परतवाड्यावरून घटांगचा घाट चढून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाट पार करा. अकोटवरून शहानूर आणि तिथून नरनाळ्याचा चढ घ्या. हे सगळे रस्ते अमरावती किंवा अकोल्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत, आणि याच रस्त्यांच्या ओढीने गेल्या दहा वर्षांत आपल्याकडच्या घरांसमोर उंच, लांब पायांच्या मोटरसायकली उभ्या राहू लागल्या. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली. २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आल्यावर हा प्रकार नोकरदाराच्याही हातात आला. २०२० च्या जानेवारीत आपल्याच चाकणमध्ये बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर विक्रीला आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातल्या मेळाव्यात पाण्यावर थंड होणारं इंजिन असलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्या १८ टक्क्यांत आल्या, त्यावरच्या ४० टक्क्यांत गेल्या. त्यामुळे मोठ्या हिमालयनपेक्षा लहान गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत तिला हवं ते लावावं, हा हिशेब आता बरेच जण मांडतात.

‘हवं ते’ म्हणजे नेमकं काय, हा या लेखाचा विषय आहे. कॅटलॉग उघडला की लेग गार्ड, इंजिनाखालची बॅश प्लेट, हँड गार्ड, जादा दिवे, मोबाइलचं स्टँड, उंच काच, बाजूचे खोके, मागचा रॅक, रेडिएटरची जाळी, हँडल वर उचलणारे ठोकळे अशी यादी संपत नाही. हे सामान मुंबई, पुणे, बंगळूरच्या कारखान्यांतून कुरियरने घरी येतं, सोबत बोल्टची पुडी आणि एक कागद असतो. मग प्रश्न येतो, लावायचं कुणी? माझं उत्तर पक्कं आहे. जे लावायचं ते शक्य तितकं स्वतः, घरी, अंगणात बसून लावावं. आणि काय लावायचं ते कॅटलॉगला न विचारता आपल्या मातीला आणि आपल्या उन्हाला विचारावं.

वऱ्हाडाला मोटरसायकलवर सामान बांधणं काही आज शिकायचं नाही. राजदूतच्या काळापासून दूधवाले मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पितळी-ॲल्युमिनियमचे कॅन लटकवत आले. त्यासाठी लोखंडी पट्टीचं आणि सळईचं स्टँड गावातला वेल्डर बनवून देतो. दोन्हीकडे सारखं वजन, शक्य तितकं खाली, मागच्या ॲक्सलच्या फार मागे जाऊ न देता. मोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर बाजूच्या खोक्यांसाठी हेच नियम सांगतात, आणि आपल्याकडे पहाटे पाच वाजता कॅन भरून निघणारा माणूस ते पिढ्यान्‌पिढ्या पाळतो. वजन ॲक्सलच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, वळणावर हँडल हातात राहत नाही. चिखलात तर पुढचं चाक वाट सोडून भलतीकडे सरकतं. कास्तकाराची गाडी पाहा. फवारणीचा पंप, खताचं पोतं, पाण्याची कॅन, सगळं आडव्या-उभ्या दोरीने आवळलेलं. त्याने कधी ‘ॲक्सेसरी’ विकत घेतली नाही, पण कुठे काय बांधलं की गाडी पडत नाही हे त्याच्याकडून शिकावं.

आता माती. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला सोनं आहे, पण पावसात चाकाला ती परीक्षा आहे. या मातीतला चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि टायरला थरावर थर चिकटत जातो. साध्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला लागून असतं. दोनशे मीटर पांदण तुडवली की टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट मातीने भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. माणूस काडीने माती उकरत पांदणीच्या मधोमध उभा राहतो. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड चाकापासून उंच आहे, ते यासाठी. हिमालयनला वर चोचीसारखं एक आणि टायरलगत दुसरं अशी दोन मडगार्डं आहेत. खालचं मडगार्ड मेळघाटच्या ओल्या डांबरावर उपयोगी पडतं, पांदणीत त्रास देतं. ज्याची पावसाळ्यातली वाट मुख्यतः वावराकडे जाते त्याने ते वर उचलून बसवावं किंवा तेवढ्या महिन्यांपुरतं काढून ठेवावं. मात्र ते काढलं की चिखल थेट इंजिनासमोरच्या ऑइल कूलरवर उडतो. नव्या हिमालयनला तर तिथे रेडिएटर आहे. म्हणून जाळी लावायची असेल तर ती बारीक नको. बारीक जाळीत काळी माती भरते, उन्हात विटेसारखी वाळते आणि वाराच अडवते. मग ज्या गाडीला ‘संरक्षण’ म्हणून जाळी लावली ती पहिल्या चढाला तापते. तीच गोष्ट बॅश प्लेटची. तिच्या खोबणीत माती साचते. विकत घेताना खालून पाणी आणि माती निघून जायला भोकं आहेत की नाहीत, ते आधी पाहावं.

याच मातीने मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू कोणती ते शिकवलं: साइड स्टँडच्या पायाखाली बसणारी रुंद पट्टी. दोनशे किलोच्या आसपासची गाडी ओल्या काळ्या मातीत बारक्या स्टँडवर उभी केली की पाय खाली जातो, गाडी हळूहळू कलते आणि आडवी होते. रुंद तळवा असला की भार पसरतो. तो बाजारात काही शे रुपयांत मिळतो, दोन-तीन बारीक स्क्रूंवर बसतो, आणि तो नसेल तर कास्तकार चपटा दगड ठेवून भागवतो. अंगणात पहिल्यांदा पाने हाती घेणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

लेग गार्ड ही त्यापुढची पायरी, आणि इथे घाई चालत नाही. बहुतेक गार्ड इंजिन ज्या बोल्टांवर फ्रेमला धरलेलं असतं त्यांच्याच जागी, थोड्या लांब बोल्टने बसतात. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढले तर इंजिन किंचित खाली बसतं, भोकं एका रेषेत राहत नाहीत, आणि मग हातोडीने बोल्ट ठोकायचा मोह होतो. तो मोह गाडीचे आटे खातो. म्हणून इंजिनाखाली लाकडी ठोकळा टेकवायचा, एक बोल्ट काढायचा, त्या जागी नवा बोटांनी चढवायचा, मग दुसरा. गार्डचे सगळे बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे बसेपर्यंत कुठलाच घट्ट करायचा नाही. एक आधीच आवळला की पलीकडचं भोक जुळत नाही, आणि लोक गार्ड वाकडा आला म्हणून कंपनीला दोष देतात.

आवळायचं किती, हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. आठ मिलिमीटरच्या साध्या ८.८ प्रतीच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, सहा मिलिमीटरच्याला दहाच्या आसपास, आणि गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. यासाठी ठरलेल्या जोरावर ‘टक्’ वाजणारा टॉर्क पाना मिळतो. दोन मित्रांनी मिळून तो घेतला तरी पुरतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो प्रतीचा. चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट दिसायला छान, पण इंजिनाच्या मूळ १०.९ च्या जागी ते लावू नयेत, त्यांची ताकद कमी असते. शिवाय ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट कोरडा बसवला तर पावसाळ्यानंतर तो तिथेच रुतून बसतो. अशा जागी थोडं ग्रीस लावावं. हादऱ्याने सैल होणाऱ्या जागी निळं, मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक वापरावं. लाल वापरू नये, ते पुन्हा उघडायला आग लागते. आणि सगळं बसल्यावर प्रत्येक बोल्टपासून शेजारच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर ती रेघ मोडलेली दिसली तर तो बोल्ट फिरला. चिखलदऱ्याच्या चढाआधी परतवाड्यात चहाला थांबल्यावर या रेघा पाहायला दोन मिनिटं पुरतात.

गार्डबद्दल आणखी एक सांगणं आहे. जितका जाड तितका चांगला, हा समज सोडावा. गाडी आपटली की मार कुठेतरी जातोच. गार्ड थोडा वाकला तर त्याने काम केलं. तो अजिबात वाकला नाही तर तो मार फ्रेमला आणि इंजिनाच्या कानांना बसतो, आणि त्यांची दुरुस्ती गार्डच्या कितीतरी पट महाग पडते.

वेल्डरकडे रॅक बनवून घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात जाऊ नये. फेब्रुवारीपासून अमरावती-अकोल्याचे वेल्डर कूलरच्या स्टँडांत गढलेले असतात. पावसाळा संपता संपता जावं, तेव्हा तो निवांत ऐकतो. चांगला वेल्डर पाइप निवडण्याआधी विचारतो, की भाऊ, वजन किती टाकणार? जो हे विचारत नाही त्याच्याकडून रॅक बनवू नये. आणि एक पथ्य कडक पाळावं: गाडीवर ठेवून वेल्डिंग करू द्यायचं नाही. माप घ्यायचं, पुठ्ठ्याचा साचा कापायचा, रॅक वेगळा जोडायचा, मग बसवून पाहायचा. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आहे, एबीएसची यंत्रणा आहे. वेल्डिंगचा प्रवाह फ्रेममधून गेला तर ती जळू शकते. अगदीच नाइलाज असेल तर बॅटरी आणि संगणकाच्या जोडण्या आधी सोडवून मगच.

विजेचं काम लोकांना सगळ्यात अवघड वाटतं. मला ते सगळ्यात समजण्याजोगं वाटतं, कारण त्यात आकडेमोड आहे आणि आकडेमोड खोटं बोलत नाही. ४० वॅटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टने भागले की पावणेसात अँपिअरच्या आत. त्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, म्हणजे वायर कुठेही घासून फ्रेमला लागली तरी आधी फ्यूज जातो. एवढा प्रवाह हँडलवरच्या छोट्या स्विचमधून न्यायचा नसतो. मध्ये चार पायांचा रिले बसवायचा. ३० क्रमांकाचा पाय फ्यूजमधून बॅटरीला, ८७ दिव्यांना, ८५ आणि ८६ मधला एक अर्थला आणि दुसरा स्विचमधून चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या वायरीला. चावी काढली की दिवे बंद, बॅटरी रात्रभर उतरत नाही. गाडीच्या मूळ वायरी कापायच्या नाहीत. कापल्या तर वॉरंटीचा वाद होतो, आणि पावसाळ्यात नेमक्या त्याच जोडाला हिरवा गंज येतो. जोड कपलरने किंवा दाबाच्या टर्मिनलने करावा, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. काळी चिकटपट्टी आपल्या मे महिन्यात टिकत नाही, तिचा गोंद वितळून वायरीवर पसरतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर कुठे ओढली जाते का ते पाहिल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नये.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला असतो, म्हणजे त्याची वीज सतत खर्च होतेच. त्यावर दिवे, मोबाइल चार्जर, हवा भरायचा पंप असं लादत गेलो तर जनित्र पुरं पडत नाही. पुस्तिकेत त्याची क्षमता पाहावी आणि बेरीज करून मग घ्यावं. दिव्यांचा झोत खाली ठेवावा. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नवांपैकी. सेमाडोहच्या वळणावर समोर सांबर किंवा गवा उभा असेल तर प्रखर दिव्याने तो गोंधळून तिथेच थांबतो. त्या रस्त्यावर दिवे वाढवण्यापेक्षा वेग कमी करणं आणि उजेड असताना जंगल पार करणं हेच योग्य आहे, आणि तिथे राहणाऱ्या कोरकू गावांच्या, त्यांच्या गुराढोरांच्या दृष्टीनेही तेच बरं.

उन्हाचा सगळ्यात मोठा बळी मोबाइल. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगते. हँडलवर उघड्या उन्हात लावलेला फोन तासाभरात पडदा काळा करून बसतो, म्हणून उन्हाळ्यात तो खिशात आणि रस्ता आधी पाठ केलेला बरा. २०२१ मध्ये ॲपलने आणखी एक इशारा दिला: जोरकस इंजिनांच्या मोटरसायकलींच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते. एकाच सिलिंडरच्या आपल्या गाड्यांवर हे विशेष लागू आहे. स्टँड घ्यायचं तर हादरे शोषणाऱ्या रबरासह घ्यावं. प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेलं काहीही इथल्या उन्हात दोन उन्हाळे काढत नाही. काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीच्या तपशिलात बदल घडवणारी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. रॅक, पिशव्या, हँड गार्ड याने गाडीचा प्रकार बदलत नाही. सायलेन्सर बदलून फटाके वाजवणं मात्र दंडाचं काम आहे, १० हजारांपर्यंत, आणि तो दंड व्हायलाच हवा. मागे पेटी लावायची तर जुलै २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने माप ठरवून दिलं: लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे माणूस बसवता येत नाही. मागचं चाक अर्धंतरी झाकलेलं हवं, हाताला धरायला कडी हवी, हेही नियमांत आहे. बाजूचे खोके लावताना साडी गार्ड काढून फेकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, कारण मागे बसणाऱ्या आईची, बायकोची साडी चाकात जाण्याचे अपघात आपल्याकडे खरे आहेत. जादा दिवे वगैरे विजेचं सामान विम्यात स्वतंत्र नोंदवावं लागतं. किमतीच्या चार टक्के जास्तीचा हप्ता भरला तरच चोरी-अपघातात त्याचे पैसे मिळतात. म्हणून बिलं जपावीत.

आता पाने. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी पाटावर मांडायला पाने, गोटी पाने, एलन की, पक्कड, पेचकस, मल्टिमीटर बाहेर काढले की नेमकं काय आहे आणि काय नाही ते कळतं. माझा पुढचा सल्ला याच्याशी जोडलेला आहे. घरी गार्ड, रॅक, दिवे बसवताना जे जे पाने हाताला लागले ते बाजूला काढा, प्रत्येकी एक, आणि कापडी गुंडाळीत बांधून गाडीवर ठेवा. कंपनी सोबत देते तो संच बहुधा अपुरा असतो, आणि बाजारातला शंभर नगांचा डबा नेण्यासारखा नसतो. आपण लावलेला रॅक वाटेत सुटला तर त्याचा पाना आपल्याकडे असलाच पाहिजे. त्याच्याशिवाय दोन सुटे नट-बोल्ट, एक फ्यूज, थोडी वायर, तार आणि चेनची जोडकडी.

आणि चाक उतरवायची सवय. ४११ ची हिमालयन आणि एक्सपल्स यांच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. आपल्या पांदणी बाभळीच्या काट्यांनी आणि कापलेल्या पऱ्हाटीच्या धसकटांनी भरलेल्या आहेत; धसकट तिरकं कापलेलं असलं की टोकदार खिळ्यासारखं टायरमध्ये घुसतं. ट्यूबलेस टायरला सुरळी खुपसून भागतं. ट्यूबच्या टायरला चाक काढावंच लागतं, आणि ते पहिल्यांदा रस्त्यावर करू नये. एखाद्या रविवारी अंगणात गाडी मेन स्टँडवर, तो नसेल तर भक्कम टेकूवर लावा, चेन सैल करा, मागचं चाक उतरवा, टायरच्या लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड चढवून ट्यूब बाहेर काढा, पुन्हा बसवा, चेनचा ताण पुस्तिकेप्रमाणे आणा. पहिल्या खेपेला अख्खी दुपार जाते आणि नवी ट्यूब पट्टीखाली चिमटून फुटण्याचीही शक्यता असते. म्हणून सरावाला जुनी घ्यावी. घरातली पोरं भोवती बसली तर त्यांना पाने हाती द्यायला सांगावं, कोणता कितीचा ते त्यांना लवकर पाठ होतं.

घटांग ओलांडून सिपनेच्या काठाने कोलकासकडे निघालात की बराच वेळ मोबाइलला रेंज मिळत नाही, गावं लांब लांब असतात आणि दुकान उघडं सापडेल याचा भरवसा नसतो. चाक बसलं तर त्याच कापडी गुंडाळीवर, टायरच्या दोन पट्ट्यांवर आणि हातपंपावर धारणी गाठायची असते.